दर पन्नास दिवसांनी अर्धा टक्का

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी, दुसरा शनिवार. रक्कम चार हजार सहाशे रुपये, रोख. जागा, उल्हासनगरमधलं हॉटेलांच्या जुन्या सामानाचं दुकान. हजर चौघे: दुकानाचे मालक लछूशेठ, माझे शेजारी दत्ताराम भोईर, त्यांचा धाकटा भाऊ किसन आणि मी. घेतलेला माल, पाच-पाच लिटरचे स्टीलचे आठ मिनी केग. सात केगांचे प्रत्येकी सहाशे आणि आठव्याला पोचा होता म्हणून त्याचे चारशे.

केग म्हणजे बियरचं पिंप. मोठे केग बारमध्ये असतात. हे मिनी, लग्नात पाणी वाढायच्या मोठ्या जगएवढे. वर पेचाचं झाकण. त्यावर तोटी आणि प्रेशरचा काटा बसतो, आणि बोटाएवढी गॅसची कांडी लावली की आतली बियर तीन-चार आठवडे ताजी राहते. हे सगळं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी गेलो होतो तो पावती नीट घ्यायला. आमच्या मजल्यावर कोणी काही मोठं घेतलं की मला बरोबर नेतात. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये हिशेब बघतो आणि पावतीशिवाय दुकानाबाहेर पडत नाही.

दत्ताभाऊंनी घरून सायकलचा पंप आणि बाटलीत साबणाचं पाणी आणलं होतं. एकेका केगात दोन किलो प्रेशर भरायचं, झाकणाभोवती साबण लावायचा, काट्यावर नखाने दोनदा टिचकी मारायची आणि दहा मिनिटं बघत बसायचं. आठ केग, ऐंशी मिनिटं. लछूशेठ तिसऱ्या केगालाच उठून उभे राहिले.

"साईं, डिब्बा ले रहे हो कि बहू देख रहे हो?"

"सून असती तर दोन मिनिटांत पसंत केली असती," दत्ताभाऊ मान वर न करता म्हणाले. "ही प्रेशरची गोष्ट आहे, शेठ."

किसन हसला. त्याच्या हातात गोणपाट होतं आणि सकाळचे अकरा वाजले असल्यामुळे ते थरथरत होतं. अकरापर्यंत त्याच्या पोटात काही गेलेलं नसायचं.

दत्ताभाऊ मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत छत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर होते. प्रेशरचे, तापमानाचे काटे काढायचे, खऱ्या काट्याशी ताडून बघायचे, चुकत असतील तर दुरुस्त करायचे आणि गळ्यात एक पत्र्याचं लेबल बांधायचं: तारीख, पुढची तारीख, दोन सह्या. निवृत्तीनंतरही टिचकी सुटली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाला मारायचे, साखरेच्या डब्याला मारायचे, एकदा अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या डॉक्टरांच्या ब्लडप्रेशरच्या यंत्राला मारली, तर डॉक्टर म्हणाले, "भोईर, हे मी पण बघतो." 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. कुंदावहिनी त्यावरून त्यांना सोडायच्या नाहीत. "मीठ किती घालू हो? मिलिग्रॅममध्ये सांगा, म्हणजे भाजी करते."

आता किसनबद्दल. भोईरांची मोरिवलीची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तेव्हा मोबदल्याबरोबर नोकरी मिळाली. एका घराला एकच. दत्ताभाऊ थोरले, आयटीआय झालेले. ती त्यांना मिळाली. किसन तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे त्याने रिक्षा चालवली, हात थरथरायला लागले तशी सोडली, आणि मग गावातल्या जुन्या घरात बायको सुमनच्या कमाईवर राहिला. सुमन अंबरनाथमध्ये चार घरी पोळ्या करायची. किसनला व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा ठेवून झालं होतं. पहिल्यांदा तो नवव्या दिवशी पळून आला. दुसऱ्यांदा राहिला, पण दारू एकदम तुटल्यामुळे तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली आणि जीभ चावली गेली. केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होतं, औषधं आहेत, परत आणा. दत्ताभाऊंनी नेलं नाही.

"जाधव," ते मला म्हणाले, "बॉयलरची वाफ कोणी एकदम सोडतं का? कोणी सोडली तर त्याला कामावरून काढतील. व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडायचा. हे डॉक्टर लोक धाडकन बंद करतात."

त्यांचा बेत असा होता. बियर घरी करायची, कारण बाजारची नेमकी किती कडक हे आपल्या हातात नाही. पहिली खेप पाच टक्क्यांची. रोज संध्याकाळी किसनने यायचं. सात वाजता पाव लिटरचा एक ग्लास, मग जेवण, साडेआठला दुसरा. दिवसाला अर्धा लिटर, म्हणजे एक केग दहा दिवस. एका खेपेला पंचवीस लिटर, म्हणजे पाच केग, पन्नास दिवस. पन्नास दिवसांनी पुढची खेप अर्ध्या टक्क्याने कमी. उरलेल्या तीन केगांत पुढच्या खेपेची तयारी. पाचावरून शून्यावर यायला पाचशे दिवस.

"बाटल्या का नाहीत?" मी विचारलं.

"बाटली लपवता येते. पँटमध्ये, माळ्यावर, संडासात. केग लपव म्हणावं. आणि केगाला तोटी आहे. तोटी माझ्या हातात."

घरी बियर करायला परवाना लागतो आणि तो आपल्याला मिळण्यातला नाही, हे मी त्याच दिवशी सांगितलं.

"मी काय विकणार आहे? औषध आहे ते."

"औषधालाही परवाना लागतो."

"मग तुम्ही पिऊ नका," ते म्हणाले.

मी प्यालो नाही, पण सही करायला लागलो. त्यांचं म्हणणं, एका सहीवर काटा सोडत नाहीत. जव उकळून काढलेल्या गोड पाण्यात एक काचेची नळी तरंगत ठेवायची, तिच्यावर आकडा बघायचा. आंबून झालं की पुन्हा बघायचा. दोन आकड्यांच्या फरकावरून किती टक्के दारू झाली ते कळतं. तो फरक मी काढायचा आणि केगाच्या गळ्यातल्या लेबलावर 'तपासले' म्हणून सही करायची. अशी लेबलं मी वर्षभरात तीस केली. एकाही लेबलावर खाडाखोड नाही.

केग भरायचा दिवस म्हणजे घरात सोवळं. दत्ताभाऊ कोपरापर्यंत हात धुवायचे, रिकामे केग उकळत्या पाण्याने विसळून उपडे ठेवायचे आणि कुंदावहिनींना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवायचे. प्रत्येक केगात गॅस धरावा म्हणून मोजून साखर, बाटलीला लागते त्याच्या निम्म्याने. मग झाकण, मग जुन्या फ्रिजमध्ये दोन आठवडे. वहिनी उंबऱ्याबाहेरून म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात एवढं पाणी उकळलं नव्हतं."

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज सकाळी दहाला गेली ती पाचला आली. फ्रिज बंद, बाहेर एकोणचाळीस अंश. त्याच सकाळी पोचा आलेला केग तपासायला बाहेर काढून ठेवला होता. सात वाजता किसनसमोर दत्ताभाऊंनी त्याचं झाकण सैल केलं आणि फेस छताला लागला. पंख्यावर, देव्हाऱ्यावर, वहिनींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. झाकण देव्हाऱ्यातल्या खंडोबाला लागून खाली पडलं. मग किसन हसायला लागला. मी त्याला मोठ्याने हसताना तेवढंच पाहिलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, "दादा, देवाला पाजलीस! आता देव पन रोज सातला येल."

वहिनीसुद्धा पदराने देव पुसता पुसता हसत होत्या. दत्ताभाऊ हसले नाहीत. त्यांनी आधी काट्यावर टिचकी मारली, मग कागदावर लिहिलं: 'तीन लिटर शंभर वाया. कारण: तापमान.' तेवढी बियर त्यांनी पुढच्या खेपेत जास्त केली, म्हणजे किसनचा एकही दिवस चुकू नये.

आणि खरंच चुकला नाही. सात वाजले की जिन्यावर त्याच्या चपला वाजायच्या. मोरिवलीहून चालत पंचवीस मिनिटं. तो खुर्चीवर बसायचा, दत्ताभाऊ ग्लास तिरपा धरून तोटी उघडायचे, सुरुवातीचा फेस वेगळ्या पेल्यात काढायचे आणि काठापासून दोन बोटं खाली भरून ग्लास त्याच्यासमोर ठेवायचे. काट्यावर पाऊण किलो. स्वतः एक घोट चवीपुरता घ्यायचे, तोही थुंकायचे. किसन प्यायला लागला की त्याच्याकडे बघत बसायचे. असं मी फक्त आयांना बघत बसलेलं पाहिलं आहे, मूल दूध पिताना.

किसन सुधारतो आहे असं सगळ्यांना वाटत होतं. साडेचार टक्के, चार, साडेतीन. गणपतीला तो बदलापूरला, बेलवलीत बहिणीकडे दीड दिवस राहिला, सातला तेवढा इथे येऊन गेला, आणि आरतीला ताशा वाजवला. बहिणीचा फोन दत्ताभाऊंना आला तेव्हा मी तिथेच होतो. ती रडत होती. दत्ताभाऊ फोनवर एवढंच म्हणाले, "अजून साडेतीनवर आहे. घाई नको." फोन ठेवल्यावर मात्र ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दिवाळीनंतर खेप अडीच टक्क्यांची सुरू झाली. निम्मं अंतर तुटलं होतं. त्यांनी मला कागद दाखवला; दहा आडव्या पायऱ्या, प्रत्येक पन्नास दिवसांची, पेन्सिलीने आखलेल्या. खाली उजवीकडे शून्य, त्याभोवती छोटा गोल.

नोव्हेंबरच्या शेवटी कारखान्यातून घरी येताना मी मोरिवलीच्या बाजूने आलो, रस्ता खणला होता म्हणून. देशी दारूच्या दुकानापाशी किसन उभा होता. वेळ सहा पस्तीस. त्याने क्वार्टर ग्लासात रिकामी केली, पाणी न घालता दोन घोटांत संपवली, खिशातून लवंग काढून तोंडात टाकली आणि आमच्या घराच्या दिशेने चालू लागला. चाल सवयीची होती. दुकानातल्या माणसाने त्याला काही विचारलं नव्हतं. बाटली आधीच काढून ठेवली होती.

मी दोन दिवस गप्प राहिलो. पण लेबलांवर सही माझी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी दत्ताभाऊंना सांगितलं.

त्यांनी विचारलं, "किती?"

"एक क्वार्टर. मी पाहिली ती."

"रोज?"

"बाटली त्याच्यासाठी काढून ठेवलेली होती."

ते स्टुलावर बसले. हातात केग धुवायचा ब्रश होता. "काटा लावायच्या आधी शून्य बघायचं असतं, जाधव. प्रेशर नसताना काटा शून्यावर आहे का ते. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात." मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, "मी शून्य बघितलंच नाही. तो मोकळा येतो असं धरून चाललो."

त्या संध्याकाळी किसन आला. वहिनींनी दार लावून घेतलं. दत्ताभाऊंनी ग्लास भरला नाही.

"तू बाहेर पिऊन येतोस."

किसनने तोंडातली लवंग गालात सरकवली. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"हा," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मी सोडली कधी होती, दादा?"

"मग इथं का येत होतास? दोनशे नव्वद दिवस? ही कशाला पीत होतास?"

किसनने केगाकडे पाहिलं. "तुज्यासाठी. तू एवढा करतंस, धुतंस, मोजतंस. मी पियालो का तुझा तोंड कसा होतं... तुला बरा वाटायचा म्हनून पियाचो. मला ती आवडत पन नाय. कडू लागते नि चढत नाय."

वहिनी आत निघून गेल्या. दत्ताभाऊंनी आवाज चढवला नाही. "एक नोकरी होती," ते म्हणाले, "ती मी घेतली," आणि तिथेच थांबले. किसन म्हणाला, "नोकरीचा काय हाय त्यात? तवा मी पतंग उडवत होतो." आणि त्याने खुर्ची उचलून भिंतीला लावली, रोज जाताना लावायचा तशी, आणि गेला. त्यानंतर सात वाजता जिन्यावर चपला वाजल्या नाहीत.

जानेवारीत त्याला रक्ताची उलटी झाली. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. तरुण डॉक्टरांनी काय काय घेत होता ते विचारलं. दत्ताभाऊंनी सगळं सांगितलं, टक्क्यांसकट. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"देशी रोजची, आणि वर बियर?"

"बियर कमी करत आणली होती. अडीचवर आली होती."

"काका, यांना थेंबही द्यायचा नव्हता. लिव्हर आधीच गेलं होतं. वर्षभरापूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

बाहेरच्या बाकावर दत्ताभाऊंनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, पाणी मागतात. ते म्हणाले, "पेन आहे ना? माझ्या हातून किती गेली ते काढा."

मी म्हणालो, आत्ता कशाला.

"काढा. तुमच्या सह्या आहेत."

मी काढलं. दोनशे नव्वद दिवस, रोज अर्धा लिटर, एकशे पंचेचाळीस लिटर बियर. एकोणतीस केग. पाचापासून अडीचपर्यंत सरासरी पावणेचार टक्क्यांहून किंचित जास्त. शुद्ध दारू साडेपाच लिटर. देशीच्या क्वार्टरमध्ये, बाटलीवरच्या टक्क्यांनी, सत्त्याहत्तर मिलिलिटर धरली तर एकाहत्तर क्वार्टर. मी दोनदा ताळा केला. मला कमी आकडा सांगता आला असता. त्यांनी तो ताडून बघितला नसता. तो क्षण मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे. मी म्हणालो, "एकाहत्तर."

"एकाहत्तर," ते म्हणाले. "हाताने भरून दिल्या." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आत जाऊन किसनच्या पायाशी उभे राहिले.

किसन चौथ्या दिवशी सकाळी गेला. वय त्रेपन्न. शुद्धीत नव्हता, त्यामुळे कोणाशी काही बोलणं झालं नाही.

बाराव्याला मोरिवलीच्या घरी मी लवकर गेलो. भोईरांकडे वारलेल्या माणसाला आवडायचं ते त्या दिवशी केळीच्या पानावर वाढून बाहेर ठेवतात: मांदेलीचं कालवण, तांदळाची भाकरी, विडी ओढत असेल तर विडी, आणि पीत असेल तर तेही. तसं ठेवलं नाही तर जीव अडकून राहतो अशी समजूत आहे. माझी नाही, पण तिथे माझ्या समजुतीचा प्रश्न नव्हता.

दत्ताभाऊ अंबरनाथहून रिक्षाने आले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत केग. अडीच टक्क्यांच्या खेपेतला शेवटचा, भरलेला. बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केला होता. काचेचा ग्लासही टॉवेलात गुंडाळून आणला होता. त्यांनी ओट्यावर केग ठेवला, तोटी बसवली, गॅसची कांडी पिळली. अंगणातली माणसं बघत राहिली. त्यांनी ग्लास तिरपा धरला.

सुमन पान घेऊन बाहेर आली. ती थोरल्या दिराशी कधी मान वर करून बोलत नसे. आताही पानाकडे बघतच म्हणाली, "दादा, ही नको."

"का?"

"त्यांना आवडायची नाय. आज तरी त्यांच्या आवडीचा ठेवू."

दत्ताभाऊंनी तोटी बंद केली. ग्लासातली बियर कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी मीच ती हातातून घेतली. "मग कोणाला तरी पाठवतो आणायला," ते म्हणाले. कोणाला पाठवायचं म्हणून त्यांनी अंगणात नजर फिरवली, आणि मग स्वतःच चपला घातल्या. मी बरोबर गेलो.

दुकान घरापासून चार मिनिटांवर. दत्ताभाऊ जन्मापासून त्याच गावचे, पण आत गेले नव्हते. कुठल्या बाजूने रांग आहे ते त्यांना मला विचारावं लागलं. काउंटरला लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी. आतल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यावरचं मुंडण पाहिलं.

"किसनभाऊंचे मोठे भाऊ ना तुम्ही?"

"हो."

"वाईट झालं. सज्जन माणूस. कधी उधार नाय, कधी भांडण नाय." त्याने न विचारता बाटली काढली, फडक्याने पुसली आणि खिडकीत ठेवली. "रोजचीच दिली. पावणेसातच्या आत यायचे. म्हणायचे, दादा वाट बघत असतो."

दत्ताभाऊंनी बाटली उचलली. वरची टक्केवारी वाचली. टिचकी मारली नाही. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला, दवाखान्यातला तो कागद निघाला, तो परत आत ठेवला आणि दुसऱ्या खिशातून पैसे काढले.

रक्कम ऐंशी रुपये, एक पन्नासची नोट आणि तीन दहाच्या. देणारे दत्ताराम भोईर. घेणारा, देशी दारूच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस. पावती मिळत नाही.